डी५ पाण्यातून हवेत किती वेगाने जाते, आणि ते मोजताना कुठे चुकते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: डी५, म्हणजे प्रसाधनांत वापरले जाणारे सायक्लोपेंटासिलॉक्सेन हे सिलिकॉनयुक्त (सिलॉक्सेन) द्रव, सांडपाणी मिसळणाऱ्या नदीत लिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या आसपास सापडते. हेन्रीचा नियतांक (पदार्थ हवा आणि पाणी यांत कसा वाटला जातो ते सांगणारा आकडा) बघितला तर ते पाण्यात टिकायलाच नको. मग ते नदीत आणि गाळात राहते कसे? हवेतून परत येते का? आणि पाण्यातून हवेत जाणारा प्रवाह मोजायचा तर कसा?

हवेतून येण्याची शंका आधी निकाली काढू. डी५चा हवा-पाणी गुणांक, म्हणजे समतोलात हवेतले प्रमाण भागिले पाण्यातले प्रमाण, २५ अंश सेल्सिअसला सुमारे १,३५० आहे. त्याच कुळातल्या, थोड्या लहान डी४चा ५००च्या आसपास. बेंझिन हे उडून जाणारे द्रव म्हणून सगळ्यांना माहीत आहे, त्याचा हा आकडा जेमतेम ०.२ आहे. समजा शहरी हवेत डी५ घनमीटरला १०० नॅनोग्रॅम आहे. त्याला १,३५०ने भागले की समतोलात पाण्यात घनमीटरला ०.०७ नॅनोग्रॅम येते, म्हणजे लिटरमागे ०.००००७ नॅनोग्रॅम. तुमच्या नदीत १० आहे, लाखपटीहून जास्त. प्रवाह एकाच दिशेने आहे, पाण्याकडून हवेकडे, आणि हवेतले प्रमाण दहापट धरले तरी दिशा बदलत नाही. पावसाच्या थेंबालाही हेच गणित लागू पडते, त्यामुळे पाऊस डी५ धुऊन खाली आणतो हे म्हणणे टिकत नाही. हवेत गेलेले डी५ तिथल्या अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल मूलकांशी अभिक्रिया होऊन साधारण आठवड्याच्या अर्धायुष्याने संपते. तेवढ्या दिवसांत ते आर्क्टिकच्या हवेपर्यंत पोहोचते हे स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरच्या झेपेलिन केंद्रातल्या मोजमापांत दिसलेले आहे. पण तिथल्या अॅडव्हेंट फ्योर्ड या खाडीच्या गाळात आणि माशांत सापडलेल्या सिलॉक्सेनचा माग लाँगयेअरब्येन गावाच्या सांडपाण्याकडे जातो. नदीत डी५ दिसले की वर आकाशाकडे नव्हे, जवळच्या सांडपाण्याच्या तोंडाकडे बघावे.

हा गुणांक इतका मोठा का, हे समजून घेतले की पुढचे बरेच सोपे होते. डी४, डी५, डी६ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने जोडून झालेली कडी; आकडा कड्यातल्या सिलिकॉनची संख्या सांगतो. प्रत्येक सिलिकॉनवर दोन मिथाइल गट. कड्याच्या आत ऑक्सिजन आहे खरा, पण बाहेरून सगळीकडे मिथाइलचे आवरण असल्यामुळे पाण्याशी हायड्रोजन बंध जवळपास होतच नाही. रेणू मोठा, म्हणून पाण्यात त्याला जागा करून देणे महाग पडते. डी५ लिटरभर पाण्यात सुमारे १७ मायक्रोग्रॅम विरघळते, डी४ सुमारे ५६, डी६ पाचाच्या आसपास. एरवी ३७० रेणुभाराचा पदार्थ जड, न उडणारा असतो. इथे मात्र रेणूंचे आपसातले आकर्षण दुबळे आहे, म्हणून डी५चा बाष्पदाब २५ अंशांना २० ते ३३ पास्कल भरतो. पाण्याला नको आणि स्वतःच्या द्रवातही घट्ट धरलेले नाही, अशी ही जोडी क्वचितच मिळते.

इथपर्यंत सगळे बरोबर आहे, पण यावरून 'म्हणून ते झटकन उडते' असा निष्कर्ष काढला जातो, आणि घोळ तिथे सुरू होतो. गुणांक फक्त दिशा आणि शेवट सांगतो, वेग सांगत नाही.

वेगासाठी लुईस आणि व्हिटमन यांची १९२४ची दोन थरांची मांडणी अजूनही पुरेशी आहे. पृष्ठभागाच्या खाली पाण्याचा एक पातळ थर, वर हवेचा एक. रेणूला दोन्ही ओलांडायचे असतात आणि दोन्हींचे अवरोध एकामागोमाग जोडलेले असतात. थर ओलांडण्याच्या वेगाला संक्रमण वेग म्हणतात. एकूण अवरोध = १ भागिले पाण्याचा संक्रमण वेग, अधिक १ भागिले (हवेचा संक्रमण वेग गुणिले हवा-पाणी गुणांक). आकडे घाला: पाण्याच्या बाजूचा वेग तासाला ४ सेंटिमीटर, हवेच्या बाजूचा तासाला १,००० सेंटिमीटर, गुणांक १,३५०. पहिला अवरोध ०.२५, दुसरा साडेतेरा लाखांत एक. हवेची बाजू हिशेबात दिसतच नाही. अडते ते पाण्याच्या थरात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वारा जोरात असला तरी त्याचा उपयोग तो पाणी किती ढवळतो एवढ्यापुरताच. हवेचा थर पातळ झाल्याने काहीही वाढत नाही. दोन, डी५साठी वेगळा संक्रमण वेग शोधत बसायची गरज नाही. ऑक्सिजनसुद्धा पाण्याच्या थरातच अडतो, आणि नदीचा पुनर्वायुभवनाचा, म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात परत मिसळण्याचा, दर बहुतेक ठिकाणी माहीत असतो किंवा काढता येतो. तो दर श्मिट अंकाच्या (पाण्याची श्यानता भागिले पदार्थाचा विसरण गुणांक) गुणोत्तराने बदलून घ्यायचा. हेडक-लॉडीच्या सूत्राने डी५चा पाण्यातला विसरण गुणांक, म्हणजे रेणू पाण्यात आपोआप पसरण्याचा दर, २५ अंशांना सेकंदाला सुमारे ४.५ × १०^-६ चौरस सेंटिमीटर येतो, ऑक्सिजनचा २.१ × १०^-५. लाटा असलेल्या पृष्ठभागासाठी या गुणोत्तराचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे ऑक्सिजनच्या ०.४६ पट. अगदी संथ, आरशासारख्या पाण्यासाठी घात अर्ध्याऐवजी दोन-तृतीयांश घ्यावा, मग ०.३६ पट. तापमानासाठी पुनर्वायुभवनातला नेहमीचा १.०२४चा घात (दर अंशामागे १.०२४ने गुणणे) चालतो. २० अंशांवरून ३० अंशांवर गेल्यास दर सुमारे सव्वापट होतो.

आता गुणांकाच्या आकड्याबद्दल, कारण साहित्यात तो पाहिला की डोके फिरते. हवा, पाणी आणि ऑक्टेनॉल या तीन अवस्थांच्या समतोलातून मोजलेला डी५चा आकडा १,३५० येतो, पण बाष्पदाब भागिले विद्राव्यता असा काढला तर दोनशे-तीनशेच मिळतात. विद्राव्यता मोजताना पाण्यात सूक्ष्म थेंब तरंगत राहिले की ती खोटी वाढते आणि भागाकार खाली येतो. पाण्यात हवेचे बुडबुडे फुंकून मोजलेल्या आकड्यांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. एक लिटर पाण्यात मिनिटाला १०० मिलिलिटर हवा सोडली आणि बुडबुडा समतोलात पोहोचूनच बाहेर पडतो असे धरले, तर डी५ अर्धे व्हायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागायला हवा. बुडबुड्याला वर यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तिथे समतोल कधी होतच नाही. मोजला जातो तो बुडबुड्याचा संक्रमण वेग, आणि अहवालात तोच हेन्रीचा नियतांक म्हणून छापला जातो. मात्र वेगाच्या हिशेबापुरते निश्चिंत राहा: गुणांक १,३५०ऐवजी २०० घातला तरी एकूण अवरोध हजारात एक भागही हलत नाही. गुणांकाची अचूकता लागते ती बाटलीतल्या हेडस्पेसच्या, म्हणजे पाण्यावर उरलेल्या हवेच्या, हिशेबात आणि समतोलावर बेतलेल्या नमुना-साधनात.

मग नदीत डी५ का टिकते? कारण पृष्ठभाग ओलांडते ते फक्त मोकळे, विरघळलेले डी५. सेंद्रिय कार्बनवर ते घट्ट चिकटते. कार्बन-पाणी गुणांक (समतोलात सेंद्रिय कार्बनवरचे प्रमाण भागिले पाण्यातले) किलोला सुमारे दीड लाख लिटर धरा. पाण्यात तरंगता सेंद्रिय कार्बन लिटरमागे १ मिलिग्रॅम असेल तर ८७ टक्के डी५ मोकळे राहते. ५ मिलिग्रॅम असेल तर ५७ टक्के. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिग्रॅम असेल तर फक्त ६ टक्के. विरघळलेला सेंद्रिय कार्बनही काही भाग धरून ठेवतो, तो हिशेबात वेगळा घ्यावा. तुमच्या प्रयोगशाळेने एकूण डी५ मोजले आणि तुम्ही तेच संक्रमण वेगाने गुणले, तर प्रवाह फुगवून सांगितला असे समजा.

आकड्यांत बघा. दोन मीटर खोल नदी, ऑक्सिजनचा पुनर्वायुभवन दर दिवसाला १. म्हणजे ऑक्सिजनचा संक्रमण वेग दिवसाला २ मीटर, तासाला ८.३ सेंटिमीटर. डी५चा तासाला ३.८. सगळे मोकळे असते तर अर्धायुष्य ३६ तास. तरंगता कार्बन ५ मिलिग्रॅम धरला की ६३ तास. सेकंदाला २० सेंटिमीटरने वाहणारे पाणी तेवढ्यात ४५ किलोमीटर जाते. सांडपाण्याच्या तोंडापासून दहा-वीस किलोमीटरवर डी५ दिसले तर त्यात नवल काहीच नाही.

गाळाचेही उत्तर याच हिशेबात आहे. चिकटलेले ४३ टक्के कणांबरोबर खाली बसते. कण दिवसाला १ मीटर बसतात असे धरले तर गाळाकडे जाणारा वेग दिवसाला ०.४३ मीटर, हवेकडे जाणारा ०.९१ गुणिले ०.५७, म्हणजे ०.५२. जवळपास बरोबरी. आता हेच पाणी बंधाऱ्यामागे थांबले आणि डी५चा संक्रमण वेग तासाला दीड सेंटिमीटरवर आला, तर हवेचा वाटा ०.२१वर घसरतो आणि डी५चा दोन-तृतीयांश भाग गाळात जातो. गाळात एकदा गाडले गेले की वर हवा नाही आणि विघटनही मंद. प्रयोगशाळेत २४ अंशांना गाळातले डी५चे अर्धायुष्य हजार दिवसांहून जास्त मिळाले आहे. नमुने घ्यायचेच असतील तर वाहत्या पात्रापेक्षा बंधाऱ्यामागच्या बारीक गाळाचे आधी घ्या.

तिसरी वाट जलविघटनाची, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन रेणू तुटण्याची. इथे डी४ आणि डी५ यांना एका माळेत ओवणे फार चुकीचे. २५ अंश आणि पीएच ७ला डी४चे अर्धायुष्य सुमारे ४ दिवस, डी५चे सुमारे ७० दिवस. पीएच ९ला डी४ तासाभरात अर्धे होते, डी५ दिवसाभराहून थोड्या जास्त वेळात. आम्लातही तसेच: पीएच ४ला डी४ दोन तास, डी५ नऊ-दहा तास. शेवाळाने हिरवे झालेले तलाव भर दुपारी पीएच ९च्या वर सहज जातात. अशा तलावात दुपारी डी४ कमी झाले तर ते उडाले असे लिहू नका, बहुधा ते तुटले आहे. तुटून शेवटी डायमिथाइलसिलेनडायॉल होते, जे पाण्यात सहज विरघळते आणि उडत नाही. म्हणून 'पाण्यातून जेवढे कमी झाले तेवढे हवेत गेले' हे समीकरण, गाळात गेलेला भाग वेगळा काढल्यावर, डी५ला थंड, तटस्थ पाण्यात चालेल. डी४ला मुळीच नाही.

सांडपाणी केंद्राच्या एरेशन टाकीबद्दलही (जिथे सांडपाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवतात) विचारले आहे. इथे सर्वांत जास्त चुकते ते वेळेच्या बाबतीत. समजा टाकीत एमएलएसएस (तरंगता जिवाणूंचा गाळ) लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम आणि त्यातला सेंद्रिय कार्बन १,१०० मिलिग्रॅम आहे. मोकळे डी५ उरते ०.६ टक्के. ऑक्सिजनचा प्रत्यक्ष केएलए, म्हणजे हवेतून पाण्यात मिसळण्याचा दर, तासाला ४ असेल तर डी५चा हवेत जाण्याचा दर ४ × ०.४६ × ०.००६, तासाला ०.०११. पाणी टाकीत आठ तासच राहते हे पाहून लोक म्हणतात, मग हवेत नऊ टक्केच जात असेल. पण डी५ पाण्याबरोबर जात नाही, गाळाबरोबर राहते, आणि गाळ परत फिरवला जातो. गाळाचे वय १० दिवस असेल तर काढून टाकलेल्या गाळातून जाण्याचा दर तासाला ०.००४२. बाहेर पडणाऱ्या पाण्यातून, त्यात १० मिलिग्रॅम तरंगते घन धरून, सुमारे ०.००१२. तिघांची बेरीज करून वाटे काढले तर हवेत दोन-तृतीयांश, गाळात पाव, प्रक्रिया केलेल्या पाण्यात सुमारे सात टक्के. गाळाचे वय वाढवा, हवेचा वाटा वाढतो. हा आकडा वरची मर्यादा समजावा. फ्लॉकच्या (जिवाणूंच्या गुठळीच्या) आतून डी५ सुटायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात हवेचा वाटा याहून कमी येतो. प्राथमिक निवळण टाकीत आधीच बसलेला भाग यात धरलेला नाही. केएलए स्वच्छ पाण्यात काढलेला असेल तर आल्फा गुणक (सांडपाण्यातला केएलए भागिले स्वच्छ पाण्यातला) लावायला विसरू नका. साबणाच्या पाण्यात बारीक बुडबुड्यांसाठी तो अर्ध्याच्या आसपास येऊ शकतो.

गाळातले डी५ पुढे डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ हवेविना कुजवणाऱ्या टाकीत, जाते. तिथल्या उष्णतेत ते बायोगॅसमध्ये उतरते आणि इंजिनात जळून पांढऱ्या सिलिकाचा थर करते. गॅस इंजिनाच्या आधी सक्रिय कार्बनचा फिल्टर बसवतात तो यासाठी. गॅस आधी थंड करून पाणी काढा, ओल्या गॅसवर कार्बन लवकर भरतो.

आता नमुना घेणे. सर्वांत जास्त माहिती इथेच वाया जाते.

बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही नको. एक लिटरच्या बाटलीत १ मिलिलिटर हवा राहिली आणि गाडीत हेलकावे खाऊन समतोल झाला, तर निम्म्याहून जास्त डी५ त्या एका मिलिलिटरमध्ये असते. १० मिलिलिटर राहिली तर ९३ टक्के. झाकण उघडताच ते गेले. याहून बरे म्हणजे नदीकाठीच बाटलीत पेंटेन किंवा हेक्सेन आणि कार्बन-१३ने (जड कार्बनने) चिन्हांकित केलेले डी४, डी५, डी६ घालून टाकणे. मग पुढे कुठेही गळती झाली तरी ती चिन्हांकित रेणूंतही तेवढीच दिसते.

आम्ल घालू नका. उडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ करायची सवय हाताला लागलेली असते. इथे त्या सवयीने डी४ प्रयोगशाळेत पोहोचायच्या आत संपते. ४ अंशांवर ठेवा आणि एक-दोन दिवसांत तपासा.

नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी, शक्यतो आदल्या दिवशीही, हेअर सीरम, डिओडरंट, हातांचे क्रीम वापरू नये. युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी४ आणि डी५ला वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा ३१ जानेवारी २०२०पासून घातली, आणि अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांना डी६सह ती ६ जून २०२७पासून लागू होईल. आपल्या बाजारातल्या बाटलीवर 'सायक्लोपेंटासिलॉक्सेन' हा शब्द शोधा, केसांच्या सीरममध्ये पहिल्या दोन-तीन घटकांत तो सहज सापडेल. अंगावरच्या अशा थरातून उडणाऱ्या डी५पुढे नदीतले लिटरमागे १० नॅनोग्रॅम कुठेच लागत नाहीत.

सिलिकॉनची नळी, ग्रीस, सिलिकॉनचे ओ-रिंग कुठेही नकोत. सेप्टम (झाकणातली रबरी चकती) टेफ्लॉनचे तोंड असलेले असले तरी सुईने भोक पडल्यावर आतले सिलिकॉन उघडे पडते, म्हणून ते एकदाच वापरावे. जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफचा) स्तंभ बहुधा स्वतःच पॉलिसिलॉक्सेनचा असतो आणि तापल्यावर डी३, डी४, डी५ सोडतो. कमी ब्लीडचा, म्हणजे स्वतःचे असे रेणू कमी सोडणारा, स्तंभ घ्या किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा वापरा, आणि इंजेक्टरचे तापमान गरजेपेक्षा वर नेऊ नका. मास स्पेक्ट्रोमीटरवर डी४साठी २८१, डी५साठी ३५५, डी६साठी ३४१ हे आयन बघतात. दर पाच-सहा नमुन्यांमागे एक ब्लँक (स्वच्छ पाण्याचा कोरा नमुना) ठेवा आणि तो नदीकाठी नेऊन उघडून आणलेला असू द्या. प्रयोगशाळेतच बंद राहिलेला ब्लँक इथे फारसे काही सांगत नाही. शोधमर्यादा उपकरणाच्या गोंगाटावरून न काढता ब्लँकच्या सरासरीत त्याच्या प्रमाणित विचलनाची तिप्पट मिळवून काढा.

हवेच्या नमुन्यासाठी एन्व्ह प्लस जातीचा शोषक टाळा. साठवणीत त्याच्यावर डी५ तुटून डी३ आणि डी४ तयार होतात, आणि डी४ नसलेल्या ठिकाणी ते दिसू लागते. एबीएन जातीचा शोषक यासाठीच पुढे आला.

शेवटचा प्रश्न प्रवाह थेट मोजण्याचा. पाण्यावर उपडी तरंगणारी, आत साठणारी हवा मोजायची पेटी चालते, आणि पाण्याच्या थरात अडणाऱ्या पदार्थांना ती विशेष बरी. संक्रमण वेग तासाला ४ सेंटिमीटर आणि मोकळे डी५ लिटरमागे १० नॅनोग्रॅम असेल तर प्रवाह चौरस मीटरला तासाला ४०० नॅनोग्रॅम. १० सेंटिमीटर उंच पेटीत तासाभरात घनमीटरला ४,००० नॅनोग्रॅम साठते. समतोलाची पातळी सव्वा कोटीच्या वर आहे, त्यामुळे पेटी 'भरून' प्रवाह थांबायची भीती नाही. वीस मिनिटांत बाहेरच्या हवेच्या दहापट सहज मिळते. अडचण दुसरीच आहे: पेटीच्या कडा पाणी घुसळून संक्रमण वेग वाढवतात. म्हणून पेटी प्रवाहाबरोबर सैल वाहू द्या, नांगरून ठेवू नका, आणि भिंती काचेच्या किंवा स्टीलच्या ठेवा.

पेटीचा आकडा एकटा देऊ नका. वाहत्या पाण्याचा तोच गोळा धरून वरच्या आणि खालच्या दोन ठिकाणी एकूण डी५, तरंगता आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन, पीएच, तापमान आणि खोली मोजा. वाटेत मिसळलेल्या पाण्याची दुरुस्ती क्लोराइडवरून करा. पुनर्वायुभवनाचा दर नदीत प्रोपेन वायू मिसळून, तो किती वेगाने उडतो त्यावरून काढता आला तर उत्तम. त्यावरून आलेला प्रवाह आणि पेटीचा प्रवाह दुपटीच्या आत जुळला तर मोजमाप विश्वासार्ह आहे. पेटीचा आकडा तिप्पट-चौपट वर आला तर आधी कडांची घुसळण तपासा, मग ब्लँक. खालच्या ठिकाणी घट जास्त आणि पेटीत प्रवाह कमी असेल तर मधल्या पट्ट्यात गाळ कुठे बसतो ते शोधा.